खासबागेचा हौदा

सातव्या एडवर्डच्या राज्यारोहणासाठी शाहू महाराज १९०२ साली विलायतेला गेले, त्या दौऱ्यात त्यांनी रोमचं कलोसियम पाहिलं. कोल्हापुरात तसंच कुस्तीचं मैदान हवं, हे त्यांनी मनावर घेतलं आणि १९१२ साली खासबाग मैदान खुलं झालं. सलामीची मोठी लढत गामाचा भाऊ इमामबक्ष आणि गुलाम मोहिद्दीन यांची होती.

कल्पना रोमची, पण बांधणी इथल्या मातीतली. मधोमध हौदा आणि भोवती गोलाकार चढत गेलेली बैठक. त्यामुळे पार मागच्या कडेला बसलेल्या शेतकऱ्यालाही पुढच्याच्या डोक्यावरून डाव स्पष्ट दिसतो. स्वस्तातल्या जागेवरून कुस्ती धड दिसावी, हा विचार एका राजानं केला, हे मला या मैदानाचं सर्वांत मोठं वैभव वाटतं. हौद्यातल्या तांबड्या मातीत ताक, तेल, हळद, लिंबू मुरवायचं. हलगी कडाडली की जोड सुटते. पाठ लागेपर्यंत लढायचं, ती निकाली कुस्ती.

१९२२ साली महाराज गेले. पुढे संस्थान विलीन झालं, मल्लांच्या खुराकाला असलेला राजाश्रयही संपला. तरी गंगावेस, मोतीबाग, शाहूपुरीच्या तालमींनी मैदान जागतं ठेवलं. कोल्हापुरात शिकलेल्या खाशाबा जाधवांनी १९५२ साली हेलसिंकीत कांस्यपदक मिळवलं. श्रीपती खंचनाळे १९५९ साली हिंदकेसरी झाले. त्या काळात पंचक्रोशीतून ट्रक भरभरून लोक खासबागेत यायचे.

मग मॅट आली. तीन-तीन मिनिटांच्या दोन फेऱ्या आणि गुणांचा हिशेब. आंतरराष्ट्रीय पदकांची वाट मॅटवरूनच जाते, तेव्हा तिला नाकं मुरडण्यात अर्थ नाही. मात्र मातीनं दिलेला दम आणि पकड मॅटवरही कामी येते, हे कुठलाही वस्ताद सांगेल.

८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री शेजारचं केशवराव भोसले नाट्यगृह जळालं. दुसऱ्याच दिवशी केशवरावांची जयंती होती. मैदानाच्या व्यासपीठालाही आगीची झळ बसली. नाटक आणि कुस्तीला एकाच आवारात शेजार देणारी ही वास्तू पुन्हा उभी करताना मैदानाचं व्यासपीठ नवं करावं, दिवे आणि स्वच्छतागृहं सुधारावीत. बैठकीचा गोल चढ आणि हौद्यातली माती मात्र आहे तशीच राहू द्यावी.