गळत्या पेट्रोलच्या मागावर

ताडदेवच्या आरटीओत शेवटची काळीपिवळी प्रीमियर पद्मिनी २९ ऑक्टोबर २००३ रोजी नोंदवली गेली. मुंबईत टॅक्सीचं वय वीस वर्षांपर्यंतच मान्य, म्हणून ऑक्टोबर २०२३ मध्ये तीही स्टँडवरून गेली. खासगी पद्मिनी मात्र अजून आहेत. वालचंद हिराचंद यांनी १९४४ मध्ये काढलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यातून बाहेर पडलेली, १०८९ सीसीच्या इंजिनाची ही गाडी कुणी वडिलांची आठवण म्हणून ठेवली आहे, तर कुणी हौसेने विकत घेऊन उभी केली आहे. रंग, क्रोम, सीटची कव्हरं यांवर मालक मनापासून खर्च करतात. गाडीच्या पोटाखालून जाणारी पेट्रोलची लाइन मात्र बहुतेकांनी कधी नीट पाहिलेलीच नसते. जुन्या गाडीला आग लागायची असेल तर ती बहुधा याच वाटेवर लागते, म्हणून हा लेख.

वाट तशी सरळ आहे. टाकी मागे, इंजिन पुढे. टाकीतून निघालेला धातूचा पाइप तळाला क्लिपांनी बांधलेला पुढे येतो. जिथे गाडीचा सांगाडा आणि हलणारं इंजिन एकमेकांना भेटतात तिथे रबरी होजचा तुकडा असतो, मग पंप, पंपातून पुन्हा होज आणि शेवटी कार्बोरेटर. पंपाला वीज लागत नाही. कॅमशाफ्ट फिरताना पंपाचा दांडा हलतो, आतला डायाफ्राम वरखाली होतो आणि पेट्रोल ओढून पुढे ढकलतो. दाब जेमतेम दोन ते चार पीएसआय, म्हणजे चाकातल्या हवेच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास. दाब इतका कमी असल्यामुळे गळतीही गुपचूप होते. फवारा उडत नाही, नुसता ओलावा येतो आणि गरम इंजिनाजवळ तोही उडून जातो.

म्हणून या दुरुस्तीतलं खरं कसब पाना फिरवण्यात नसून गळती शोधण्यात आहे. पंपाच्या अलीकडची बाजू ओढीची, पलीकडची दाबाची. दाबाच्या बाजूला चीर पडली तर इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर येतं आणि दिसतं. ओढीच्या बाजूला चीर पडली तर इंजिन चालू असताना पेट्रोल बाहेर येण्याऐवजी हवा आत जाते. गाडी चढावर अडखळते, गचके देते, सकाळी बराच वेळ सेल्फ मारावा लागतो. मिस्त्री ऐकूनच म्हणतो, लाइन हवा घेतेय. हीच गाडी भरल्या टाकीने उताराकडे तोंड करून रात्रभर उभी राहिली, की त्याच चिरेतून थेंब पडायला लागतात. सकाळी जमिनीवर डाग आणि चालू केल्यावर काहीच नाही, असं कोडं घेऊन मालक गॅरेजमध्ये येतो. कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केलेला असतो, प्लग बदललेले असतात आणि दोष वीतभर होजमध्ये असतो.

तिसरी जागा सगळ्यात फसवी. पंपाचा डायाफ्राम फाटला तर पेट्रोल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळू शकतं. बाहेर थेंबही दिसत नाही. जाणता मिस्त्री अशा वेळी आधी डिपस्टिक काढून हुंगतो. ऑइल पातळ झालं असेल, पातळी वाढली असेल आणि पेट्रोलचा वास येत असेल, तर ती गाडी त्या ऑइलवर चालवायची नाही. डायाफ्राम आणि ऑइल दोन्ही बदलूनच पुढे जायचं.

आपल्याकडे गळतीवर तात्पुरते उपाय पुष्कळ चालत आले. टाकीला बारीक भोक पडलं की साबणाची वडी घासून बुजवायचं. साबण पेट्रोलमध्ये विरघळत नाही, त्यामुळे हा उपाय गावापर्यंत पोहोचवतो. घाटात पेट्रोलची लाइनमध्येच वाफ होऊन गाडी बंद पडली, तर पंपावर ओलं फडकं टाकायचं. ज्या ड्रायव्हरांनी या युक्त्यांवर खंडाळा आणि कसारा पार केला त्यांच्याबद्दल मला आदर आहे. पण घरी पोहोचल्यावर साबण तसाच ठेवणं, फाटक्या होजवर चिकटपट्टी गुंडाळणं, गंजलेल्या पाइपवर एमसीलचा गोळा बसवणं, याला दुरुस्ती म्हणता येत नाही. एका जागी गंजलेला पाइप दुसऱ्या जागीही गंजत आलेला असतो. किनाऱ्यावरची खारी हवा आणि चार महिन्यांचा चिखल क्लिपांच्या आड साचून राहतो. तो पाइपाला बाहेरून खातो.

गेल्या काही वर्षांत आतलं कारणही बदललं आहे. महाराष्ट्रासह काही राज्यांत पेट्रोलमध्ये पाच टक्के इथेनॉल मिसळायला सुरुवात झाली ती २००३ मध्ये. २०२५ पर्यंत देशभरात हे प्रमाण वीस टक्क्यांपर्यंत गेलं. आपल्या साखर कारखान्यांना त्यातून मोठा आधार मिळाला, ते चांगलंच झालं. पण पद्मिनीचं रबर या इंधनासाठी बनलेलंच नव्हतं. इथेनॉल जुन्या रबराला फुगवतं, त्यातला मऊपणा धुऊन नेतं आणि गाडी महिनाभर उभी राहून होज सुकली की ती आकसते, कडक होते, तडकते. शिवाय इथेनॉल हवेतलं पाणी शोषतं. पाणी जास्त झालं तर ते इथेनॉलसह वेगळं होऊन टाकीच्या तळाशी बसतं आणि तिथून गंज धरतो. हौसेची गाडी वापरातल्या गाडीपेक्षा लवकर गळू लागते, त्याचं हे कारण.

मग करायचं काय? होज एक गेली असेल तरी सगळ्या एकदम बदलायच्या. मीटरवर मिळणारी कुठलीही काळी नळी चालत नाही. पाण्याची किंवा हवेची नळी पेट्रोलमध्ये आतून सोलवटते आणि तिचे कण कार्बोरेटरच्या जेटमध्ये जाऊन बसतात. ज्या होजवर एसएई जे३० आर९ असं छापलेलं असतं, तिच्या आत इथेनॉल सोसणाऱ्या फ्लुओरोइलॅस्टोमरचा थर असतो. ती महाग पडते, पण सगळ्या गाडीला मिळून लागते थोडीच. क्लिपही गोल दुमडलेल्या कडांची घ्यावी. खाचांची नेहमीची क्लिप आवळताना रबर कापते. पाइपाच्या टोकाला उठाव असतो, होज त्याच्या पलीकडे सारून क्लिप उठावाच्या मागे बसवायची.

धातूचा पाइप बदलताना आपले मिस्त्री हौसेने तांबं वापरतात, कारण ते हाताने वळतं. मला ते पटत नाही. सततच्या हादऱ्यांनी तांबं कडक होतं आणि नेमकं फ्लेअरजवळ तडकतं. स्टील किंवा तांबं-निकेलचा पाइप बेंडरवर वळवावा, सायलेन्सरपासून लांब ठेवावा, पत्र्याच्या भोकातून जाताना रबरी ग्रोमेट घालावा. मधे जोड जितके कमी तितकं बरं.

काम करण्याआधी इंजिन थंड, बॅटरीची निगेटिव्ह तार सुटी, अग्निशामक हाताशी. हवेत पेट्रोलची वाफ दीड टक्का झाली तरी ठिणगीने पेट घेते, आणि ती हवेपेक्षा जड असल्यामुळे गॅरेजच्या खड्ड्यात साचते. म्हणून हे काम खड्ड्यात उतरून, तारेचा बल्ब हातात धरून करू नये. गळकी टाकी गाडीवर असताना डाख किंवा वेल्डिंग मुळीच नको. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा धोक्याची, कारण तिच्यात वाफ आणि हवा दोन्ही असतात. इंजेक्शनच्या गाड्यांचा हिशेब आणखी वेगळा. तिथे लाइनमध्ये चाळीस पीएसआयच्या वर दाब असतो आणि इंजिन बंद केल्यावरही टिकतो, तो आधी उतरवावा लागतो.

काम झाल्यावर इंजिन दहा मिनिटं चालू ठेवून प्रत्येक जोडाखाली कोरडा कागद धरावा. दुसऱ्या दिवशी सकाळी, गाडी थंड असताना, पुन्हा धरावा, कारण गरम असताना घट्ट बसलेला जोड थंडीत सैल पडू शकतो.

तुमच्याकडे जुनी गाडी असेल तर या रविवारी बोनेट उघडा. पंपाजवळची होज दोन बोटांत धरून वाकवून पाहा. तिच्यावर बारीक भेगा दिसल्या, ती कडक लागली किंवा चिकट झाली असेल, तर चावी बाजूला ठेवा आणि मिस्त्रीला घरी बोलवा. गाडी त्याच्याकडे चालवत नेऊ नका.