पोटाचा कॅन्सर होण्याआधी दुर्बिणीत दिसतो का?

जळगाव असो की धुळे, पोटात जळजळ झाली की खापर आधी शेवभाजीवर फुटतं. मग मेडिकलमधून अ‍ॅसिडिटीची गोळी येते आणि महिनोन्‌महिने चालू राहते. तरीही त्रास थांबला नाही, तर डॉक्टर दुर्बिणीतून, म्हणजे एंडोस्कोपीने, जठर तपासतात. रिपोर्टवर ‘गॅस्ट्रायटिस’ लिहिलेलं असतं आणि विषय तिथेच मिटतो. पण गॅस्ट्रायटिस म्हणजे फक्त सूज. ती कशामुळे आली आणि आतलं अस्तर कितपत बदललं, हे त्या एका शब्दातून कळत नाही.

कॅन्सरच्या आधी काय घडतं?

जठराचा कॅन्सर बहुतेकदा एका रात्रीत उगवत नाही. कोलंबियातले पॅथॉलॉजिस्ट पेलायो कोरिया यांनी त्याच्या पायऱ्या मांडल्या. आधी जुनाट सूज येते, मग अस्तर विरळ होतं, मग जठराच्या अस्तराच्या जागी आतड्यासारखं अस्तर येतं आणि त्यानंतर पेशी बिघडू लागतात. या प्रवासाला अनेक वर्षं लागतात आणि बहुतेक लोक शेवटापर्यंत पोहोचतच नाहीत. नेदरलँड्समधल्या २००८ च्या एका मोठ्या अभ्यासात, आतड्यासारखं अस्तर झालेल्यांपैकी वर्षाला सुमारे ०.२५ टक्के लोकांना कॅन्सर झाला. म्हणजे हजारात दोन-तीन. घाबरण्याइतका हा आकडा मोठा नाही, पण दुर्लक्ष करण्याइतका लहानही नाही.

सुरुवात बहुतेकदा हेलिकोबॅक्टर पायलोरी या जिवाणूपासून होते. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ मध्ये त्याला कॅन्सरकारक ठरवलं. धूम्रपान आणि अतिखारट पदार्थांनी धोका वाढतो. तिखटावर जितका आळ घेतला जातो, तितका ठोस पुरावा त्याच्याविरुद्ध नाही.

निळा उजेड कशासाठी?

अडचण अशी की हे बदल सपाट असतात. पांढऱ्या उजेडात ते आजूबाजूच्या गुलाबी अस्तरात मिसळून जातात. पूर्वीपासूनचा उपाय म्हणजे इंडिगो कार्माइनसारखा निळा रंग आत फवारणं. तो खाचांत साचतो आणि उंचसखलपणा उठून दिसतो. नॅरो बँड इमेजिंग, म्हणजे एनबीआय, या तंत्रात रंग फवारावा लागत नाही. डॉक्टर एक बटण दाबतात आणि उजेडातले सुमारे ४१५ नॅनोमीटरचा निळा आणि ५४० नॅनोमीटरचा हिरवा एवढेच दोन पट्टे उरतात. रक्तातलं हिमोग्लोबिन नेमके हेच पट्टे शोषतं. त्यामुळे वरवरच्या बारीक रक्तवाहिन्या तपकिरी दिसतात, खोलवरच्या निळसर-हिरव्या, आणि अस्तराची नक्षी स्पष्ट होते. अस्तर आतड्यासारखं झालं असेल, तर जवळून पाहताना त्या नक्षीच्या कडेला बारीक फिकट निळी रेघ चमकते. जपानी डॉक्टरांनी २००६ मध्ये या खुणेचं वर्णन केलं.

मात्र मशीन भारी असून भागत नाही. जठरात फेस आणि चिकट स्राव असेल, तर निळ्या उजेडातही काही दिसत नाही. म्हणून तपासणीआधी फेस मोडणारं औषध पाजतात. युरोपातल्या तज्ज्ञांच्या शिफारशीनुसार तपासणीला किमान सात मिनिटं द्यायला हवीत. ओपीडीत रांग लागलेली असताना ही सात मिनिटं काढणं मशीन घेण्यापेक्षा अवघड असू शकतं.

आणि शेवटचा शब्द बायोप्सीचाच. जठराच्या खालच्या भागातून, वळणावरून आणि वरच्या भागातून मिळून पाच तुकडे घेण्याची पद्धत आहे. खालचे आणि वरचे तुकडे वेगवेगळ्या बाटल्यांत ठेवतात, म्हणजे बदल किती पसरला तेही कळतं. एनबीआय नसलेल्या केंद्रातही हे करता येतं.

मग कोणी काय करावं?

जपान आणि दक्षिण कोरियात ठरावीक वयानंतर सर्वांसाठी जठराची तपासणी असते. भारताच्या राष्ट्रीय कार्यक्रमात तोंड, स्तन आणि गर्भाशयमुखाच्या कॅन्सरची तपासणी आहे, जठराची नाही. त्यामुळे प्रत्येक जळजळीसाठी एंडोस्कोपी करायची गरज नाही. पण वजन घटणं, काळी शी, गिळताना अडकणं, सतत उलट्या, कारण न कळलेला ॲनिमिया किंवा आई-वडील, भावंडांपैकी कुणाला जठराचा कॅन्सर असेल, तर डॉक्टरांना लवकर सांगावं. ज्यांना आधीच ‘गॅस्ट्रायटिस’चा रिपोर्ट मिळाला आहे, त्यांनी बायोप्सी घेतली होती का आणि जिवाणूची तपासणी झाली का, एवढं विचारायला हरकत नाही. जिवाणू सापडला तर औषधांचा कोर्स असतो. अस्तरातला बदल मोठ्या भागात पसरलेला असेल, तर साधारण तीन वर्षांनी पुन्हा एंडोस्कोपी सुचवली जाते.

आणखी एक गोष्ट. अ‍ॅसिडिटीची गोळी चालू असताना जिवाणूची तपासणी खोटी ‘निगेटिव्ह’ येऊ शकते. म्हणून डॉक्टरांच्या सल्ल्याने ती साधारण दोन आठवडे आधी थांबवावी लागते.