'ड्यूई यांच्याकडून ट्रुमन पराभूत' : एका मथळ्याची कारणमीमांसा

अमेरिकन वृत्तपत्रांच्या इतिहासात गाजलेल्या मथळ्यांपैकी एक साफ चुकीचा होता. ३ नोव्हेंबर १९४८ च्या 'शिकागो डेली ट्रिब्यून'ने अध्यक्षीय निवडणुकीत ड्यूई यांनी ट्रुमन यांचा पराभव केल्याचे ठळक टाइपात छापले. प्रत्यक्षात ट्रुमन ३०३ विरुद्ध १८९ निर्वाचक मतांनी विजयी झाले.

हा केवळ घाईचा दोष नव्हे. कंपोझिटरांच्या संपामुळे खिळे जुळविण्याऐवजी मजकूर टंकलिखित करून त्याचे ब्लॉक करावे लागत; साहजिकच पहिली आवृत्ती कित्येक तास आधी छपाईस जाई. मतमोजणी अपुरी असताना वॉशिंग्टन प्रतिनिधी आर्थर सिअर्स हेनिंग यांच्या अंदाजावर भिस्त ठेवली गेली. रिपब्लिकन पक्षाकडे झुकलेल्या या पत्रास तो अंदाज रुचणाराही होता! ४ नोव्हेंबरला सेंट लुईस स्थानकावर ट्रुमन यांनी तोच अंक हसतमुखाने उंचावून दाखविला.