अर्ध्या चमच्यात चार मैदानं!

दोस्ता, नागपूरहून कोराडीच्या देवीला निघालं की लांबूनच काय दिसतं सांग बरं? बरोब्बर! वीज केंद्राची उंचच उंच धुराडी!

तिथे दगडी कोळसा जळतो आणि त्याच्या उष्णतेवर वीज तयार होते. जवळच खापरखेड्यालाही असंच मोठं केंद्र आहे. कोळसा जळला की मागे राख उरते, आणि आपल्या कोळशात राख फार! शंभर किलो कोळसा जाळला की तीस-चाळीस किलो राख. बाप रे!

ही राख चुलीतल्या राखेसारखी नसते बरं का. करडी, मऊ, बोटांवरून सुळकन घसरणारी. वाऱ्याने उडाली की शेतात जाते, वाळत घातलेल्या कपड्यांवर बसते, नाकातोंडात जाते. आसपासच्या गावांना तिचा खरोखर जाच होतो. पण मला आज तुला तिची दुसरी बाजू दाखवायची आहे.

चल, तिची चिमूटभर सूक्ष्मदर्शकाखाली ठेवू. डोळा लाव. काय दिसतं?

गोट्या! इवल्या इवल्या, गोल गरगरीत, काचेसारख्या गोट्या!

कुणी बनवल्या त्या? भट्टीने! कोळशात थोडी माती मिसळलेली असते. भट्टीतल्या भयंकर आचेत ती चक्क वितळते. तिचे थेंब गरम हवेत तरंगतात, गोल होतात आणि तसेच थिजतात. काही थेंबांच्या आत वायू अडकतो. मग काय? थेंब टम्म फुगतो, तेलात पुरी फुगते ना, अगदी तसा! थंड झाल्यावर उरतो काचेचा पोकळ फुगा.

हे फुगे पाण्यावर तरंगतातसुद्धा! राख पाण्यात कालवून मोठ्या तळ्यात सोडतात. बाकीची राख तळाशी बसते आणि हे पठ्ठे वर येतात. आणि ऐक, काही फुग्यांच्या पोटात आणखी छोट्या गोट्या असतात. पोटात पिल्लंच जणू!

पण एक अडचण आहे. फुग्याला आत मोकळी जागा आहे, पण दार कुठाय? आत जाणार कसं?

आता चल नीरीत! नागपूरची ही राष्ट्रीय पर्यावरण संस्था १९५८ साली सुरू झाली. पाणी, हवा, कचरा यांचा अभ्यास हे तिचं काम. तिथल्या शास्त्रज्ञ साधना रायलू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी याच राखेपासून एक भन्नाट पदार्थ बनवला. त्याचं नाव झिओलाइट.

कसा बनवला? राखेत कॉस्टिक सोडा मिसळून बारीक केला. ते मिश्रण ५००-६०० अंशांवर भाजलं. मग पाण्यात ढवळून पाणी उकळायला येतं तेवढ्या उष्णतेवर कित्येक तास ठेवलं. (घरी अजिबात करू नकोस! कॉस्टिक सोड्याने कातडी भाजते.) हळूहळू तळाशी पांढरे, बारीक स्फटिक तयार होतात. राखेत सिलिकॉन, अॅल्युमिनियम आणि ऑक्सिजन आधीपासूनच होते. पण तिथे ते कसेही पसरले होते, मधल्या सुट्टीतल्या मुलांसारखे! आता ते रांगेत उभे राहिले आणि त्यांनी खोल्या बांधल्या. खोलीला खोली लागून, आणि प्रत्येक खोलीला खिडक्या!

खिडकी केवढी असेल? झिओलाइटच्या एका प्रकारात ती साधारण ०.४ नॅनोमीटर असते. म्हणजे किती? तुझ्या डोक्यावरच्या केसाची जाडी त्या खिडकीच्या सुमारे दोन लाख पट आहे! पाण्याचा रेणू तिच्यातून आरामात आत जातो. (रेणू म्हणजे पदार्थाचा सगळ्यात छोटा कण.) जाडजूड रेणू मात्र बाहेरच राहतात.

आता खरी गंमत! एक ग्रॅम झिओलाइट घे. अर्धा चमचाही भरणार नाही. त्याच्या सगळ्या खोल्यांच्या आतल्या भिंती उलगडून जमिनीवर पसरता आल्या, तर किती जागा व्यापतील?

पाचशे चौरस मीटरहून जास्त! कबड्डीचं मोठं मैदान १३ मीटर लांब आणि १० मीटर रुंद असतं. म्हणजे जवळजवळ चार मैदानं, अर्ध्या चमच्यात!

एवढ्या भिंती कशाला हव्यात, असं विचारशील. काम तर भिंतींवरच होतं! तू साखळीची पकडापकडी खेळतोस ना? हातात हात धरून लांबच लांब साखळी. खनिज तेलाचे मोठे रेणूही तसेच असतात, कार्बनची लांब साखळी. पेट्रोलला मात्र छोट्या साखळ्या लागतात. मग लांब साखळी तोडायची कशी? तेल शुद्धीकरण कारखान्यात ती तापवून झिओलाइटच्या कणांवर सोडतात. त्यासाठी जरा रुंद खिडक्यांचा झिओलाइट लागतो. साखळी आत शिरते, भिंतीवरच्या खास जागेला चिकटते, तिथे तिचे हात सुटतात आणि छोटे तुकडे होऊन ती बाहेर पडते.

आणि भिंत? जशीच्या तशी! लगेच पुढच्या साखळीसाठी तयार! स्वतः न संपता दुसऱ्यांचं काम भराभर करून देणाऱ्या अशा पदार्थाला उत्प्रेरक म्हणतात. आत जितकी जास्त भिंत, तितक्या जास्त साखळ्या एकाच वेळी तुटतात. भरीव दगडाला फक्त बाहेरची पाठ असते, म्हणून तो इथे मागे पडतो. मला तर हेच सगळ्यात नवलाचं वाटतं. या खड्याचं मोल त्याच्या रिकाम्या जागेत आहे!

कोरोनाच्या काळात अनेक घरांत ऑक्सिजन देणारी यंत्रं आली होती, आठवतं? त्यांच्या आतही झिओलाइट असतो! आपल्या हवेत ७८ टक्के नायट्रोजन असतो. झिओलाइट तो घट्ट धरून ठेवतो आणि ऑक्सिजनला पुढे सोडतो. थोड्या वेळाने दाब कमी केला की धरलेला नायट्रोजन सोडून देतो आणि पुन्हा कामाला लागतो. किती श्वास त्याने चालू ठेवले असतील!

आणि झिओलाइट फक्त प्रयोगशाळेतच बनतो असं वाटलं का? छे! सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी महाराष्ट्रावर लाव्हारसाचे थरावर थर पसरले. त्यातल्या वायूच्या बुडबुड्यांमुळे दगडात पोकळ्या राहिल्या. पुढे खनिजं विरघळलेलं पाणी त्यांत झिरपलं आणि आत स्टिल्बाइट, ह्यूलँडाइट असे झिओलाइटचे सुंदर स्फटिक वाढले. कधी नाशिकजवळच्या सिन्नरला गेलास तर गारगोटी संग्रहालयात ते बघ. पांढरे, गुलाबी, केशरी!

आणि तोवर काळ्या दगडांवर लक्ष ठेव. एखाद्या दगडाच्या भोकात काही चमकलं, तर तो धू, उन्हात तिरपा धर आणि आत डोकावून बघ.