कंत्राटी पॅकिंग उद्योगातील श्रमजीवन : कामाचे स्वरूप आणि कायद्यातील स्थान

प्रस्तावना :
बाजारातून आणलेल्या हळदीच्या पुडीची अथवा शाम्पूच्या पाऊचची मागील बाजू ग्राहक सहसा किंमत पाहण्यापुरतीच वाचतो. वैध मापनशास्त्र (आवेष्टित वस्तू) नियम, २०११ प्रमाणे त्या बाजूस उत्पादकाचे नाव व पत्ता छापावा लागतो. उत्पादक आणि पॅकिंग करणारा भिन्न असतील, तर दोघांचेही नाव-पत्ते द्यावे लागतात. त्यामुळे दर्शनी भागावर एखाद्या ख्यातनाम कंपनीचे नाव ठळक असते, तर मागे बारीक अक्षरांत भिवंडीचा, वसईचा, दमणचा किंवा बद्दीचा एखादा गाळा क्रमांक आढळतो. माल प्रत्यक्षात तेथे भरला जातो. या गाळ्यांतील कामाचे स्वरूप कोणते आणि ते करणाऱ्या कामगाराचे कायद्यातील स्थान कोणते, याचा विचार प्रस्तुत लेखात केला आहे.

व्यवसायाची घडण :
कंत्राटी पॅकिंगचा व्यवहार वरकरणी सोपा आहे. कंपनी तयार माल पोत्यांतून अथवा पिंपांतून पाठविते. छापील फिल्मचे रोल, खोकी व लेबलेही बहुधा तीच पुरविते. जागा, यंत्रे, वीज आणि माणसे पॅकिंग करणाऱ्याची असतात व त्याला प्रति नग दर मिळतो. लहान पाऊचच्या प्रसाराने या व्यवसायास मोठी चालना दिली. तमिळनाडूत चिन्नी कृष्णन यांनी पाऊचचा जो मार्ग दाखविला, त्यावर त्यांचे पुत्र सी. के. रंगनाथन यांनी १९८३ मध्ये ‘चिक’ शाम्पूचा व्यवसाय उभारला. पुढे मोठ्या कंपन्यांनाही तोच मार्ग धरावा लागला. जो माल पूर्वी एका बाटलीत जाई तो आता कित्येक पाऊचांत विभागला जाऊ लागला आणि त्या प्रमाणात भरणे, सील करणे, मोजणे व खोक्यात रचणे ही कामे वाढली.

हे गाळे विशिष्ट ठिकाणीच का दाटले, याचे उत्तर बऱ्याच अंशी करधोरणात आहे. हिमाचल प्रदेश व उत्तराखंड यांना २००३ मध्ये जाहीर झालेल्या उत्पादन शुल्क सवलतीमुळे बद्दीसारख्या गावाचा औद्योगिक नकाशाच बदलला. २०१७ मध्ये वस्तू व सेवा कर आल्यावर राज्याराज्यांत स्वतंत्र गोदामे ठेवण्याचे कारण उरले नाही. त्यानंतर भिवंडीसारख्या ठिकाणी मोठी गोदामे एकवटली आणि ‘एकावर एक मोफत’ किंवा दिवाळीच्या भेटसंचाची बांधणी गोदामातच होऊ लागली.

दराच्या रचनेतील एक बाब येथे ध्यानात घेणे आवश्यक आहे. मालाची, फिल्मची व खोक्याची किंमत पॅकिंग करणाऱ्याच्या हातात नसते. यंत्राचा हप्ता आणि जागेचे भाडे ठरलेले असते. दर कमी करून काम मिळवायचे झाल्यास कपात करण्याजोगा मोठा खर्च मजुरीचाच उरतो. मालकाच्या वृत्तीला दोष देऊन हा प्रश्न संपत नाही, कारण त्याचे मूळ कराराच्या गणितात आहे.

पट्ट्यावरचे काम :
पाऊच यंत्र मिनिटाला ४० नग देते असे धरल्यास तासाला २,४०० आणि आठ तासांत १९,२०० नग पट्ट्यावरून पुढे येतात. पट्ट्याच्या टोकाशी उभ्या असलेल्या स्त्रीला ते उचलायचे, सील दाबून पाहायचे, छापलेला बॅच क्रमांक व किंमत नजरेखालून घालायची आणि डझनाच्या हिशेबाने खोक्यात रचायचे असतात. कामाची गती यंत्र ठरविते. ‘अकुशल’ या सदरात सामान्यतः मोडल्या जाणाऱ्या या कामात बोटांना वजनाचा आणि सीलचा जो अंदाज येतो, तो काही दिवसांत येणारा नसतो. सीलमध्ये भुकटीचा कण अडकला की पाऊच कोठे गळणार, हे अनुभवी हात स्पर्शाने ओळखतो.

वजनाचा प्रश्न तर अधिकच नाजूक आहे. नियमांप्रमाणे १०० ग्रॅमच्या एका पुड्यात ४.५ ग्रॅमपर्यंतची तूट क्षम्य असली, तरी तपासलेल्या नमुन्यांची सरासरी छापील वजनाखाली जाता कामा नये. कमी भरल्यास कायद्याचा भंग होतो आणि जास्त भरल्यास कंपनीचा माल फुकट जातो. दोन्ही बाजूंची जबाबदारी शेवटी काट्याजवळ बसलेल्या व्यक्तीवर येऊन ठेपते. नाकारलेल्या नगांची भरपाई मजुरीतून कापण्याकडे काही ठिकाणी कल असतो. वस्तुतः कामगारास आपली बाजू मांडण्याची संधी दिल्याविना नुकसानीची कपात करता येत नाही. वेतन प्रदान अधिनियम, १९३६ मध्ये हे तत्त्व होते आणि वेतन संहिता, २०१९ मध्येही ते कायम आहे. नगावर काम करणाऱ्यांच्या बाबतीत मात्र नाकारलेले नग मोजणीतच धरले जात नाहीत. त्यामुळे कपात झाल्याची नोंद कोठेच होत नाही, आणि नोंद नसलेल्या कपातीविरुद्ध दाद कशी मागायची, हा प्रश्न उरतो.

मालाप्रमाणे त्रासही बदलतो. मिरची व हळद भरताना उडणारी भुकटी तोंडावरील मुखपट्टीला दाद देत नाही, म्हणून बायका तिच्यावर पदर वा ओढणी घट्ट बांधतात. खाद्यपदार्थ व औषधांच्या विभागात हातातील दागिने, वाढलेली नखे, कपाळावरची टिकली यांस मज्जाव असतो. स्वच्छतेच्या दृष्टीने तो योग्यच आहे. परंतु विवाहित स्त्रीने रोज सकाळी दारात बांगड्या उतरवून ठेवणे ही आपल्या समाजात साधी गोष्ट नव्हे. नव्याने लागलेल्या मुलीला घरच्यांची समजूत काढावी लागते. मंगळसूत्राबाबत काही ठिकाणी तडजोड होते. ते अंगरख्याच्या आत ठेवून गळ्याशी बंद करण्यास परवानगी मिळते. औषधांच्या पॅकिंगमध्ये प्रत्येक बॅचअखेर वापरलेली, खराब झालेली व उरलेली लेबले मोजून ताळा जुळवावा लागतो. लेबलांच्या बाबतीत एवढी काटेकोर असणारी नोंदवही त्याच पट्ट्यावरील माणसांच्या हजेरीबाबत सारखीच काटेकोर असतेच असे नाही.

कारण ती हजेरी बहुधा गाळ्याच्या मालकाकडे नसून ठेकेदाराकडे असते. येथे दोन कंत्राटे एकावर एक बसलेली दिसतात. कंपनी व पॅकिंग करणारा यांच्यात पहिले, तर पॅकिंग करणारा व मनुष्यबळ पुरविणारा ठेकेदार यांच्यात दुसरे. ठेकेदार बदलला की तेच कामगार त्याच पट्ट्यावर नव्या नावाखाली उभे राहतात आणि त्यांची सेवा पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जाते. भविष्यनिर्वाह निधीसाठी २०१४ पासून सार्वत्रिक खाते क्रमांक आल्याने नोकरी बदलली तरी खाते जोडलेले राहू शकते. उपदानासाठी लागणारी सलग सेवा मात्र अशा बदलांत सिद्ध करणे कठीण जाते.

कायद्याची भूमिका :
पॅकिंग हे उत्पादन आहे की उत्पादनानंतरचे किरकोळ काम? कारखाने अधिनियम, १९४८ च्या कलम २(के) मधील ‘उत्पादन प्रक्रिया’ या व्याख्येत पॅकिंगचा नावाने उल्लेख होता. अनेक वस्तूंचे पुनर्वेष्टन व त्यांवर किंमत छापणे यांस उत्पादन शुल्काच्या कायद्यानेही उत्पादन मानले होते. म्हणजे कर वसूल करताना जे काम उत्पादन ठरत असे, तेच माणसे नेमताना आनुषंगिक ठरविण्याकडे उद्योगाचा कल राहिला. ही विसंगती केवळ शब्दांची नव्हती. कंत्राटी कामगार (नियमन व निर्मूलन) अधिनियम, १९७० च्या कलम १० खाली कंत्राटी पद्धतीस बंदी करताना काम बारमाही आहे काय आणि उद्योगास आवश्यक आहे काय, हे पाहावे लागे. पुढे २००१ मध्ये स्टील ॲथॉरिटीच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने असा निर्णय दिला, की बंदी झाली तरी कामगार आपोआप मूळ मालकाच्या सेवेत जात नाहीत. कंत्राट केवळ दिखाऊ असल्याचे सिद्ध झाल्यास मात्र ते मूळ मालकाचेच कामगार ठरतात. हे सिद्ध करण्याचा भार रोजंदारीवरील कामगारावर पडला.

२१ नोव्हेंबर २०२५ रोजी चारही कामगार संहिता अमलात आल्या आणि वरील दोन्ही कामगार कायद्यांची जागा व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहिता, २०२० ने घेतली. या संहितेनुसार आस्थापनेच्या ‘मुख्य कार्यात’ कंत्राटी कामगार नेमण्यास मनाई आहे. सफाई, सुरक्षा, उपाहारगृह, मालाची चढ-उतार आदी कामे मुख्य कार्यातून वगळली आहेत. परंतु आस्थापना त्याच कामासाठी स्थापन झाली असेल, तर हा अपवाद लागू होत नाही. मोठ्या कंपनीच्या बाबतीत पॅकिंग मुख्य की दुय्यम, असा वाद घालता येईल. ज्याचा व्यवसायच पॅकिंगचा आहे, त्याला तो घालता येणार नाही.

तथापि एक वाट मोकळी राहिली आहे. जे काम सर्वसामान्यपणे कंत्राटदारामार्फतच केले जाते, त्यास या मनाईतून सूट मिळू शकते. वर्षानुवर्षे ठेकेदारामार्फत माणसे आणणारा उद्योग आपल्याच प्रथेचा दाखला देऊन ती मागू शकेल. प्रथा कायद्याच्या हेतूविरुद्ध रुजली असेल, तर तिलाच सवलतीचा आधार मानणे न्याय्य नाही. त्यातच कंत्राटी कामगारांविषयीच्या तरतुदींची मर्यादा, जी १९७० च्या केंद्रीय अधिनियमात २० कामगारांची होती, ती संहितेत ५० आहे. लहान गाळ्यांपैकी बरेच या मर्यादेखालीच राहतात.

संहितेतील एका छोट्या तरतुदीकडे अजून फारसे लक्ष गेलेले नाही. कंत्राटी कामगाराने मागणी केल्यास केलेल्या कामाचा तपशील असलेले अनुभव प्रमाणपत्र देणे ठेकेदारावर बंधनकारक आहे. सहा वर्षे पाऊचचे सील तपासणाऱ्या, कोडिंग यंत्राची शाई व तारीख बदलणाऱ्या आणि नवीन मुलींना वजन शिकविणाऱ्या कामगाराच्या प्रमाणपत्रात ही तिन्ही कामे लिहिली जातात, की ‘मदतनीस’ एवढा एकच शब्द, यावर तिला पुढच्या गाळ्यात मिळणारी वेतनश्रेणी अवलंबून राहील.