कोळशापेक्षा दाणा बरा

कसारा-शहापूरकडे दर उन्हाळ्यात भाताच्या रोपासाठी राब भाजतात. त्यामुळे इथल्या मातीतला कोळसा हजार वर्षांपूर्वीचा की गेल्या सालचा, हे नुसते पाहून ठरत नाही. बरे, तो जुना निघाला तरी कार्बन-14 लाकूड वाढले तो काळ सांगतो, चूल पेटली तो नव्हे. सागाच्या गाभ्यातला तुकडा चुलीहून शंभर वर्षांनी थोर असू शकतो. एका हंगामात पिकून करपलेला दाणा म्हणून अधिक भरवशाचा. डेक्कन कॉलेजने 1968 ते 1983 या काळात खणलेल्या घोड नदीकाठच्या इनामगावात असे जळके जव मिळाले. असे दाणे मिळवायला माती पाण्यात हलक्या हाताने कालवायची, तरंगून आलेले बारीक चाळणीवर धरायचे, सावलीत वाळवायचे. एवढ्याशा दाण्यात मोजणार काय, हा आक्षेप आता जुना झाला. कार्बन-14 मोजणाऱ्या त्वरक यंत्राला मिलिग्रॅमभर कार्बन पुरतो. दाणा उंदरा-खेकड्याच्या बिळातून खाली घसरला असेल, ही शंका मात्र रास्त. त्यासाठी एकाच थरातले दोन-तीन दाणे वेगवेगळे मोजावेत. आणि नमुना कापसात गुंडाळू नये: त्याचे तंतू चिकटले, की आजचा कार्बन मिसळतो.