चेहरा सोडा, तळ वाचा

जुनी नाणी जमवणाऱ्यांच्या जगात चौथ्या शतकातल्या रोमन ब्राँझ नाण्यांना फारशी पत नाही. सोन्याचा सॉलिडस मखमलीवर मिरवतो. ही काळपट-हिरवी चिल्लर युरोपच्या बाजारात मातीसकट, वजनावर विकली गेली आहे. कारण उघड आहे. ती अमाप पाडली गेली आणि आजही अमाप सापडते. स्पेनमध्ये सेव्हिलजवळच्या तोमारेसला एप्रिल २०१६ मध्ये पाण्याच्या नळासाठी चर खणताना मजुरांना १९ रांजण लागले. त्यांतल्या ब्राँझ नाण्यांचं वजन भरलं सुमारे ६०० किलो. २०२३ मध्ये इटलीच्या सार्डिनिया बेटाजवळ, आर्झाकेनाच्या किनाऱ्यालगत समुद्रतळावर अंदाजे ३० ते ५० हजार नाणी मिळाली.

या दुसऱ्या साठ्याबद्दल इटलीच्या सांस्कृतिक खात्याने जे पहिलंच निवेदन काढलं, ते वाचण्यासारखं होतं. नाणी इ.स. ३२४ ते ३४० या काळातली आहेत. अँटिओक, अलेक्झांड्रिया आणि कार्थेज वगळता त्या काळात चालू असलेल्या जवळजवळ सगळ्या टांकसाळींची आहेत. हजारो नाणी, त्यांतली बहुतेक अजून मोजायचीसुद्धा बाकी, आणि तरी सोळा वर्षांचा अचूक पट्टा नि टांकसाळींची यादी तयार. हे जमतं, कारण या नाण्यांच्या तळाशी त्यांचं जन्मस्थान लिहिलेलं असतं.

ही शिस्त डायोक्लेशियन बादशहाच्या सुधारणेनंतर पक्की झाली. इ.स. २९४च्या सुमारास त्याने चांदीचा हलका मुलामा दिलेलं, साधारण दहा ग्रॅमचं, रुपयाहून मोठं दिसणारं ब्राँझ नाणं काढलं. लंडनपासून अलेक्झांड्रियापर्यंतच्या टांकसाळी एकाच छापाची नाणी पाडू लागल्या. कुणी कमी वजनाचा माल काढला तर गचांडी कुणाची धरायची, हे कळायला हवं. म्हणून मागच्या बाजूला, चित्राच्या खालच्या पट्टीत टांकसाळीची खूण आणि कारखान्याचा क्रमांक. पूर्वेकडे हा क्रमांक बहुधा ग्रीक अक्षरांत असतो: अल्फा, बीटा, गॅमा. पश्चिमेकडे लॅटिन प्रिमा, सेकुंदा, तेर्तिया यांची आद्याक्षरं.

खुणा राहिल्या, वजन मात्र राहिलं नाही. दहा ग्रॅमचं नाणं ३१३ च्या सुमारास साडेतीनच्या आत आलं, ३३० मध्ये अडीच ग्रॅमच्या आसपास आणि ३३५-३६ नंतर जेमतेम पावणेदोन. चांदीचा मुलामा नावालाच उरला. त्या काळात या नाण्यांना लोक काय म्हणत, हेही धड ठरत नाही. रोमन कायद्यात दोन-तीन नावं येतात, पण कोणतं नाव कोणत्या नाण्याचं यावर अभ्यासकांचं एकमत नाही. म्हणून सूचिकारांनी सरळ फूटपट्टी घेतली: २५ मिलिमीटरच्या वर पहिला गट, १७ च्या खाली चौथा. मला हा प्रामाणिकपणा आवडतो.

नवखा माणूस आधी चेहरा बघतो आणि तिथेच फसतो. पहिल्या-दुसऱ्या शतकातल्या नाण्यांवर नीरोची जाड मान, हेड्रियनची दाढी ओळखू येते. चौथ्या शतकातला चेहरा म्हणजे माणूस नव्हे, पद. मोठे डोळे, ताठ मान, कपाळावर पट्टा. बाप कोण नि मुलगा कोण, कळत नाही. त्यात नावांचा घोळ. बादशहा कॉन्स्टंटाइन, त्याचा मुलगा दुसरा कॉन्स्टंटाइन, दुसरा मुलगा कॉन्स्टंटियस, तिसरा कॉन्स्टन्स. झिजलेल्या नाण्यावर 'कॉन्स्टन' एवढंच उरलं असेल, तर चौघांपैकी कुणावरही बोट ठेवता येतं.

अशा वेळी नाणं उलटायचं. एक उदाहरण हातात घेऊ. सतराएक मिलिमीटरचं नाणं. मागे दोन शिपाई भाले टेकवून समोरासमोर उभे, मधे लष्कराची दोन निशाणं, भोवती 'ग्लोरिया एक्सेर्कितुस', म्हणजे सैन्याचा जयजयकार. दोन निशाणं आहेत, तेव्हा नाणं ३३० ते ३३५ मधलं. ३३५ पासून पुढे नाणं इतकं आखडलं की दोन्ही निशाणं मावेनात आणि शिपायांमधे एकच उरलं. पुढच्या बाजूला नावानंतर 'नोब सी' दिसतं, म्हणजे हा सीझर, अजून युवराज; बाप जिवंत आहे. 'कॉन्स्टंटिनुस'ला जोडून 'युन' म्हणजे धाकटा. झाला दुसरा कॉन्स्टंटाइन. आता तळ: 'पी कॉन्स्ट'.

इथे भलेभले घसरतात. 'कॉन्स्ट' म्हणजे कॉन्स्टँटिनोपल, असं डोळे झाकून लिहिलं जातं. पण कॉन्स्टँटिनोपलची नेहमीची खूण 'कॉन्स', आणि तिच्या मागे ग्रीक अक्षर. 'ट' असेल तर नाणं दक्षिण फ्रान्समधल्या आर्लचं. शहरांची नावं बदलण्याची हौस तेव्हाही होती. ३२८ मध्ये आर्लचं कॉन्स्टंटिना झालं. ३४० मध्ये दुसरा कॉन्स्टंटाइन भावाशी लढताना मारला गेला, जुनं नाव परत आलं आणि नाण्यांवर 'आर्ल'ची अक्षरं उमटली. ३५३ मध्ये पुन्हा कॉन्स्टंटिना. म्हणजे आपल्या हातातलं नाणं आर्लच्या पहिल्या कारखान्यात, पाच वर्षांच्या आत पडलेलं. ताजमहालाच्या एखाद्या दगडाबद्दलही एवढं खात्रीने सांगता येणार नाही.

छापांमधला माझा आवडता ३४८ चा. रोमच्या स्थापनेला परंपरेने अकराशे वर्षं होत होती आणि सरकारने घोषणा काढली, 'फेल टेम्प रेपाराशिओ': सुखाचे दिवस परत आले. त्याचं सर्वांत जास्त पाडलेलं चित्र कोणतं, तर रोमन शिपाई घोड्यावरून कोसळणाऱ्या शत्रूला भाला खुपसतोय, तो मागे वळून हात वर करतोय. सुखाचे दिवस असे. लोकांनी या छापाच्या इतक्या घरगुती नकला ठोकल्या की खरी नाणी आणि नकली यांच्यातली सीमा बऱ्याचदा पुसट होते. नकलांवर अक्षरांच्या जागी नुसत्या उभ्या रेघा. माझ्या मते संग्रहात अशी एकतरी नक्कल असावीच. सरकारी चिल्लर कुठे पुरत नव्हती, याचा तो पुरावा आहे.

हा खुर्दा आपल्या बाजूलाही पोचला, पण महाराष्ट्रात फारसा नाही. सहाव्या शतकातला प्रवासी कॉस्मस आपल्या कल्याण बंदराचा उल्लेख करतो. ब्राँझ नाण्यांची खरी गर्दी मात्र तमिळ प्रदेशात आणि श्रीलंकेत आहे. करूरच्या अमरावती नदीत वाळू चाळणाऱ्यांच्या हाती ती वर्षानुवर्षं लागत आली. आर. कृष्णमूर्ती यांनी करूर आणि मदुरेच्या नाण्यांवर १९९४ मध्ये स्वतंत्र पुस्तकच काढलं. या नाण्यांत थिओडोसियस, आर्केडियस, होनोरियस या बादशहांच्या काळातली छोटी नाणी पुष्कळ आणि बहुतेक पार गुळगुळीत. श्रीलंकेत तर स्थानिकांनी त्यांच्या नकला पाडल्या. म्हणजे ही नाणी तिथे धातू म्हणून वितळवली गेली नाहीत, बाजारात हातोहात फिरली.

झिजेवरून काळ मोजायची कल्पना निघाली की गोव्याच्या दामोदर धर्मानंद कोसंबींची आठवण येतेच. प्रत्येक हात नाण्याचा कणभर धातू नेतो, हे त्यांनी चांदीच्या आहत नाण्यांची वजनं करून गणिताने दाखवलं. ही रीत या ब्राँझला थेट लावता येत नाही. रोमन टांकसाळीत एका पौंडात किती नाणी पाडायची एवढंच पाहिलं जाई; एकेका नाण्याचं वजन कुणी तोलत नसे. मुळातच वजन कमी-जास्त, तर झीज मोजायची कशावरून? करूरच्या नाण्यांच्या गुळगुळीतपणातून 'खूप फिरली' एवढंच म्हणावं. किती वर्षं, ते आकड्यात सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये.

आता घराघरांतल्या एका सवयीबद्दल. आपल्याकडे तांब्या-पितळेचं काही हाती आलं की ते चिंचेने नाहीतर लिंबाने घासून लख्ख करायचं असतं. जुन्या नाण्यावर हा प्रयोग म्हणजे खून. हिरवट-तपकिरी थर हा मळ नसून धातूचं बदललेलं रूप असतं, आणि बारीक अक्षरं पुष्कळदा त्या थरातच उरलेली असतात. ऊर्ध्वपातित पाणी, संयम आणि बांबूची काडी यांवर भागवावं. फिकट हिरवी भुकटी पुन्हा पुन्हा उगवत असेल तर ती क्षारांमुळे लागलेली कीड. ते नाणं वेगळं ठेवून जाणकाराला दाखवावं.

आणि विकत घेण्याआधी एक प्रश्न दुकानदाराला जरूर विचारावा: हे सापडलं कुठे? कुठे पाडलं, ते नाणं स्वतः सांगतं. कुठे पुरलं गेलं, ते फक्त उचलणारा सांगू शकतो. इंग्लंडात डेव्हन परगण्यात २०१३ मध्ये सीटनजवळ एका माणसाला २२,८८८ नाण्यांचा साठा लागला. त्याने पुढचं खोदणं थांबवून पुरातत्त्ववाल्यांना बोलावलं आणि राखण करायला तीन रात्री गाडीत झोपला. त्यामुळे नाणी ज्या खड्ड्यात ठेवली होती, तो खड्डाही नोंदीत आला. भारतात १८७८ च्या निखात निधी कायद्याने दहा रुपयांहून जास्त किमतीचा पुरलेला ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं, आणि १९७२ च्या कायद्याने शंभर वर्षांहून जुनं नाणं खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. तेव्हा वाळूच्या ढिगात, विहिरीच्या गाळात असं काही दिसलं, तर घासू नका, सोनाराकडे नेऊ नका. फोटो काढा, जागा लिहून ठेवा आणि जिल्हाधिकारी कार्यालयाला कळवा.